जुन्या गाड्यांचा ताफा पुण्याहून महाबळेश्वरला नेताना

पुणे ते महाबळेश्वर हे अंतर १२० किलोमीटरच्या आसपास आहे. नवी गाडी तीन तासांत पोचते. पंधरा-वीस जुन्या गाड्या एकत्र न्यायच्या तर अख्खा दिवस धरा आणि टूर दोन मुक्कामांची आखा: जायला एक दिवस, मधला दिवस गाड्यांना आणि माणसांना विश्रांती, तिसऱ्या दिवशी परत. एका रात्रीत आटोपायला गेलं की उरलेली कामं अंधारात होतात, आणि सहा व्होल्टच्या दिव्यांवर पसरणी घाट उतरायची वेळ कोणावर आणू नये.

आखणी करताना पहिला हिशेब सगळ्यात हळू गाडीचा आणि सगळ्यात कमजोर ब्रेकचा. ताफ्यात १९२८-३१ची फोर्ड मॉडेल ए असेल तर तिचे ४० हॉर्सपॉवर आणि तारा-दांड्यांचे ब्रेक यांवर वेळापत्रक बसवा. फियाट ११०० आणि ॲम्बॅसेडरवाले त्या वेळापत्रकात आरामात बसतात. उलटं केलं तर दुपारपर्यंत ताफ्याचे तीन तुकडे झालेले असतात आणि कोण कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं.

महिना, वार, वेळ

डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि १० जानेवारीनंतरचे दिवस उत्तम. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा सोडा. पाचगणी-महाबळेश्वर रस्ता त्या दिवसांत तासन्‌तास तुंबतो, आणि थांबत-सरकत चढणं हे जुन्या इंजिनाला सर्वांत वाईट. पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो. गाडी उभी की हवा बंद. पावसाळ्यात धुकं आणि ओले ब्रेक लायनर, एप्रिल-मेमध्ये उष्मा. ते महिने धरूच नका.

शक्यतो गुरुवारी निघा आणि शनिवारी दुपारच्या आत परता. शुक्रवार-रविवार करायचंच असेल तर शुक्रवारी पहाटे निघून शनिवार-रविवारच्या गर्दीच्या आधी वर पोचा. रविवारी परतताना मात्र सकाळी सातला गाड्या सुरू झालेल्या हव्यात. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे मॅप्रो गार्डनजवळ सुटीच्या दिवशी दहानंतर रस्ता भरतो.

रस्ता आधी बघून या

तीन-चार आठवडे आधी दोघांनी आधुनिक गाडीने हा रस्ता धरून यावं, एकाने फक्त वहीत लिहायचं. काय लिहायचं: पेट्रोल पंप डाव्या हाताला आहे की दुभाजकापलीकडे, पंपावर वीस गाड्या रांगेत उभ्या राहतील एवढी जागा आहे का, नवे गतिरोधक कुठे आहेत, डायव्हर्शन कुठे चालू आहे. मॉरिस एटसारखी बुटकी गाडी, त्यातून एक्झॉस्ट खाली लोंबणारा, उंच गतिरोधकावर घासते. तिला तिरकं घ्यावं लागतं आणि तिरकं घ्यायला मागची वाहतूक मोकळी लागते.

ढोबळ टप्पे असे. कात्रजहून जुन्या घाटाने वर, जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीला हायवेवर. बायपासवरच्या नव्या बोगद्यापेक्षा हा रस्ता सकाळी सहाला निवांत असतो आणि पहिल्याच दहा किलोमीटरमध्ये कुठली गाडी गरम होते ते कळतं. इथे जी कुरकुर करेल ती पसरणी चढणार नाही. तिला तिथूनच परत पाठवणं सोपं, घर जवळ असतं. पुढे खेड शिवापूरचा टोल, मग नीरा ओलांडली की शिरवळ. त्यापुढे खंडाळा आणि खंबाटकी. पुण्याकडून साताऱ्याकडे जाताना वाहतूक खंबाटकीच्या घाटरस्त्याने चढत आली आहे, परतीची बोगद्यातून. नव्या बोगद्यांच्या कामामुळे इथली व्यवस्था बदलत असते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा खात्री करून घ्या. खंबाटकी उतरलं की सुरूर फाट्याला हायवे सोडून वाई. वाईत जेवण. मग पसरणी घाटाने पाचगणी, तिथून एकोणीस-वीस किलोमीटरवर महाबळेश्वर.

मुंबईचे सभासद असतील तर त्यांनी आदल्या दिवशी पुण्यात यावं, तेही जुन्या हायवेने. एक्स्प्रेसवेवर ताशी पन्नासने चालणारी गाडी म्हणजे मागच्या ट्रकला निमंत्रण.

फास्टॅग जुन्या गाडीलाही लागतो. टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल जातो. पैशापेक्षा त्रास हा की नाक्यावर एक गाडी अडकली की पुढचे निघून जातात आणि ताफा तुटतो. टॅगमध्ये पैसे आहेत ना, हे आदल्या रात्री प्रत्येकाने बघावं.

कागदपत्रं

प्रत्येक गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन्स यांचे फोटो पंधरा दिवस आधी मागवा, आणि तारखा स्वतः वाचा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. संपलेलं आरसी हे जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. २०२१पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आली, दहा वर्षांच्या मुदतीची. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणून क्लबच्या लेटरहेडवर कार्यक्रमाचं नाव, तारखा, मार्ग आणि गाड्यांचे नंबर टाकून एक पत्र काढा आणि प्रत प्रत्येक गाडीत ठेवा. तेच पत्र मार्गातल्या पोलिस ठाण्यांना आणि वाहतूक शाखेला आठवडाभर आधी द्या. चौकात झेंडा दाखवायचा कार्यक्रम असेल तर परवानगी आधी. पत्रात वेळेची स्पर्धा नाही हे स्पष्ट लिहा.

विम्यात थर्ड पार्टी असणं पुरेसं नाही असं वाटत असेल तर विमा कंपनीशी ठरलेल्या किमतीवर बोलणी टूरच्या दोन महिने आधी सुरू करा; त्यांना गाडीचं मूल्यांकन लागतं.

गाडीची तयारी

एक नियम कडक ठेवा: शेवटच्या आठवड्यात कोणीही नवा पार्ट बसवायचा नाही. बसवलेला प्रत्येक पार्ट किमान दोनशे किलोमीटर चाललेला हवा. नवे पॉइंट्स (स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) बसायला वेळ घेतात, नवी हेड गॅस्केट गरम झाल्यावर पुन्हा आवळावी लागते, नवे लायनर घासून बसेपर्यंत गाडी एका बाजूला ओढते.

दोन आठवडे आधी साठ-सत्तर किलोमीटरची चाचणी घ्या. जुना कात्रज घाट वर आणि खाली दोनदा, मग थोडा हायवे. परतल्यावर गाडी थंड होऊ द्या आणि बघा: पाणी किती कमी झालं, ऑइल किती, ब्रेक ऑइल तसंच आहे का, चारही हब हाताला सारखे गरम आहेत का. एकच हब तापलेला असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग टाइट आहे. पाव लिटरपेक्षा जास्त पाणी खाल्लेली गाडी कारण सापडेपर्यंत यादीतून बाहेर.

गरम होण्याचं खापर बहुतेक लोक रेडिएटरवर फोडतात. रेडिएटर खरंच तुंबलेला असतो अनेकदा, पण त्याआधी टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, बघा. स्पार्क उशिरा पडत असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये जळायचं ते एक्झॉस्टच्या तोंडाशी जळतं, आणि ती सगळी उष्णता हेडमध्ये जाते. डिस्ट्रिब्युटरचं ॲडव्हान्स (वेग वाढला की स्पार्क आधी आणणारा भाग) अडकलं असलं तरी हेच. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला पॉइंट्सची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगची ०.६ ते ०.६५. पॉइंट्सची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. म्हणून क्रम असा: आधी फट, मग टायमिंग. मग फॅन बेल्ट, मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण बारा मिलिमीटर लवायला हवा. मग रेडिएटर.

दुसरं एक, जे फारसं कोणी लक्षात घेत नाही. महाबळेश्वर तेराशे-साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. ज्या गाडीच्या रेडिएटरला प्रेशर कॅप, म्हणजे दाब धरणारं झाकण, नाही तिचं पाणी तिथे शंभरला नाही, ९६ अंशांच्या सुमारास उकळतं. युद्धापूर्वीच्या गाड्यांना चार अंश कमी मिळाले म्हणजे बरंच कमी. यावर उपाय म्हणून अशा रेडिएटरला प्रेशर कॅप लावू नका. ते त्यासाठी बनलेले नाहीत, सोल्डरचे जोड उघडतात. जमेल तेवढा सकाळचा गारवा वापरा.

टायरवर तारीख असते: चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाचा नव्यासारख्या असल्या तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर घाटात नेऊ नका, रबर कडक होऊन बाजू फाटते. ॲम्बॅसेडरला ५.९०-१५ आणि पद्मिनीला ५.२०-१४ हे मूळ माप. स्टेपनीही त्याच मापाची आणि हवा भरलेली. जुन्या रिमवर ट्यूब घालाच.

विजेच्या बाबतीत प्रत्येक गाडीच्या बॅटरीजवळ रंगवून लिहा: ६ व्होल्ट की १२, आणि अर्थ (बॅटरीची बॉडीला जोडलेली बाजू) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. मॉडेल ए सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ, त्याच काळातली शेवरले सहा व्होल्ट पण निगेटिव्ह, लुकासच्या वायरिंगच्या जुन्या इंग्लिश गाड्या बहुधा पॉझिटिव्ह. घाईत कोणीतरी केबल घेऊन धावतो आणि व्होल्ट, अर्थ न बघताच लाल ते लाल जोडतो. डायनॅमो आयडलिंगला चार्ज करत नाही हेही चालकांना सांगा. टोलनाक्यावर वीस मिनिटं दिवे लावून उभं राहिलं की सेल्फ फिरत नाही.

पेट्रोल

पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाडीला याचे तीन त्रास.

पहिला रबराचा. जुने होज, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरची सीलं फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉल चालणाऱ्या होजने बदला. होजवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं असतं. बदलल्यावर क्लिपा दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा.

दुसरा पाण्याचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी दोन महिने अर्ध्या टाकीने उभी राहिली की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, नेमका जिथून पाईप पेट्रोल उचलतो तिथे. सोबत टाकीचा गंजही सुटतो. टूरच्या आधी टाकी रिकामी करून ताजं भरा, आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा म्हणजे काय येतंय ते दिसेल. दोन फिल्टर जवळ ठेवा. पहिला पहिल्याच दिवशी भरेल.

तिसरा मिश्रणाचा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. घाटात पूर्ण थ्रॉटलवर पातळ मिश्रण म्हणजे तापलेले व्हॉल्व्ह. एसयू कार्ब्युरेटर असेल तर खालचा नट एक-दोन पैलू खाली फिरवा. सोलेक्सला मेन जेट एक पायरी मोठं. मग पंधरा किलोमीटर चालवून प्लग काढून बघा. पांढरट असेल तर अजून पातळ, काळी भुकटी असेल तर जास्त झालं. हे सगळं पुण्यात करा. वर हवा विरळ असल्याने मिश्रण आपोआप घट्ट होतं आणि ताकदही दहा-बारा टक्के कमी मिळते. महाबळेश्वरला गाडी जड वाटते म्हणून तिथे स्क्रू फिरवत बसू नका. खाली उतरल्यावर ती पुन्हा पातळ चालेल.

ब्रेक

जुनी फियाट, जुनी ॲम्बॅसेडर: चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, आणि ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले, उरतो फक्त हॅन्डब्रेक. म्हणून हॅन्डब्रेकची परीक्षा वेगळी घ्या: चढावर न्यूट्रलमध्ये गाडी धरून ठेवली पाहिजे.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलाच. ते हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट-४ २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेलं १५५च्या आसपास उकळू लागतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल थेट फळीला टेकतं. डॉट-५ सिलिकॉन असतं, ते यात मिसळू नका. पाठीमागचे व्हील सिलिंडर उघडून रबरी कप बघा, कडांना ओल असेल तर ते आज ना उद्या गळणारच.

ताफा कसा चालवायचा

पाच-सहा गाड्यांचे गट करा, प्रत्येक गटात वेगाने सारख्या गाड्या. सर्वांत हळू गट आधी सोडा, दहा मिनिटांनी पुढचा. गटात पुढची गाडी रस्ता माहीत असलेल्याची, शेवटची अनुभवी माणसाची. सगळ्यांच्या मागे झाडू गाडी: आधुनिक जीप किंवा पिकअप, त्यात मेस्त्री, हत्यारं, पाणी. झाडू गाडी कोणालाही मागे टाकून पुढे जात नाही, हा तिचा एकमेव धर्म.

वळणाचा नियम सर्वांना पाठ हवा: वळण घेण्याआधी मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. मागची गाडी आपली जबाबदारी, पुढची नाही. हा नियम पाळला तर सुरूर फाट्यावर कोणी सरळ साताऱ्याकडे निघून जात नाही. फोनवरच्या लोकेशनचा उपयोग होतो, पण घाटात रेंज जाते. छापील मार्गपत्रिका प्रत्येक गाडीत ठेवा, ज्यात टप्पे, किलोमीटर, थांबे आणि झाडू गाडीचा, फ्लॅटबेडवाल्याचा नंबर असेल. फ्लॅटबेडवाल्याशी आधीच बोलून भाव ठरवून ठेवा. जुन्या गाडीला दोरीने टोचन करून घाटात नेणं टाळा. पुढच्याच्या आणि मागच्याच्या ब्रेकमध्ये फार फरक असतो.

थांबे दर पंचवीस-तीस किलोमीटरला. पेट्रोल निघतानाच टाकी भरून, मग वाईत. अमेरिकन मोठ्या गाड्या लिटरला पाच-सहा किलोमीटर देतात आणि पेट्रोलचा काटा बहुतेकांचा खोटं बोलतो. टाकीत लाकडी पट्टी घालून मोजणं अजूनही सर्वांत खात्रीचं.

हायवेवर डावी लेन सोडू नका. बऱ्याच गाड्यांना मागचा आरसा एकच आणि तोही थरथरणारा. क्लिपचा आरसा दोन्ही बाजूंना लावा. इंडिकेटर नसेल किंवा हातासारखे बाहेर येणारे जुने ट्रॅफिकेटर असतील तर मागच्या ट्रकवाल्याला ते कळत नाहीत. मागे लाल चुंबकी ब्लिंकर चिकटवा, दिवसासुद्धा. त्रिकोण प्रत्येक गाडीत, आणि किमान एक किलोचं एबीसी अग्निशामक चालकाच्या हाताच्या अंतरावर, डिकीत नाही.

पसरणी चढताना

वाईत गाड्या दीड तास उभ्या राहू द्या, बॉनेट उघडी. गणपती आळीत गाड्या घेऊन जायचा मोह होतो, फोटो सुंदर येतात. रस्ते अरुंद आहेत, गर्दीत इंजिन तापतं आणि पुढे लगेच घाट आहे. गाड्या गावाबाहेर मोकळ्या जागी लावा, माणसांनी चालत ढोल्या गणपतीला जाऊन यावं.

बारा-तेरा किलोमीटरमध्ये जवळपास सहाशे मीटर चढायचं आहे. सर्वांत अशक्त इंजिन सर्वांत आधी सोडा आणि दोन गाड्यांत चांगलं अंतर ठेवा, कारण पुढचा चढावर थांबला की मागचाही थांबतो आणि मग त्याला पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत उठावं लागतं. फियाटचा आणि ॲम्बॅसेडरचा पहिला गिअर सिंक्रोमेशचा नाही. वळणात शिरल्यावर पहिला शोधत बसलं तर गाडी थांबणार. वळणाच्या आधी दुसरा, आणि गाडी दुसऱ्यात धापा टाकायला लागायच्या आत दोनदा क्लच दाबून पहिला. इंजिन धडधडत ओढू देऊ नका. वेग कमी, फेरे मध्यम, असं चढलं की पंखाही नीट फिरतो.

काटा लाल रेषेकडे गेला तर सुरक्षित जागा बघून तोंड वाऱ्याकडे करून थांबा. इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन-तीन मिनिटं थोड्या वाढीव आयडलिंगवर चालू ठेवा, मग बंद. लगेच बंद केलं तर पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथल्या पाण्याला उकळवते. कॅप अर्ध्या तासाने, ओलं फडकं धरून, आधी अर्धा आटा. गार पाणी ओतायचं नाही, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. कोमट पाणी, इंजिन चालू ठेवून, धारेने.

गाडी बंद पडली: पेट्रोल की स्पार्क

घाटात बंद पडलेल्या दहातल्या बहुतेक गाड्यांचं निदान कोणीतरी लांबूनच करतं: "एअर लॉक झालं." कधी ते खरं असतं. तापलेल्या एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पाईपमध्ये पेट्रोल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि एसी पंप (इंजिनावर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप) वाफ ढकलू शकत नाही. पण तापल्यावर मरणारा कंडेन्सर (पॉइंट्सला जोडलेला विजेचा छोटा भाग) हुबेहूब तशीच लक्षणं देतो: गाडी मिस मारते, बंद पडते, वीस मिनिटांनी थंड झाली की चालू, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. ओल्या फडक्याने दोन्ही बरे झाल्यासारखे वाटतात, कारण तेवढ्यात सगळंच थंड होतं. म्हणून गाडी गरम असतानाच, लगेच, तपासा:

१. कार्ब्युरेटरकडचा पाईप सोडवून तोंड बाटलीत धरा, एक्झॉस्टपासून लांब. कॉइलची मधली वायर काढून बॉडीला टेकवून ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने आलं तर पंप आणि पाईप ठीक. फेस किंवा काहीच नाही, तर वाफ किंवा पंप.

२. पेट्रोल सांडलं असेल तर पुसून, उडून जाऊ द्या. पाईप परत लावा. मगच स्पार्क बघा: कॉइलची मधली वायर ब्लॉकपासून सहा मिलिमीटरवर धरा, चिमट्याने. निळा, टचकन आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळा, लुकलुकणारा, आणि कॅप काढल्यावर पॉइंट्समध्ये मोठी ठिणगी, तर कंडेन्सर.

कंडेन्सर बदलणं दहा मिनिटांचं काम, दोन स्क्रू. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर जुन्यांइतके टिकत नाहीत, म्हणून चालून सिद्ध झालेला जुना सुटा ठेवा. वाफच असेल तर पंपावर ओलं फडकं आणि धीर. कायमचा उपाय पाईप एक्झॉस्टपासून दूर नेणं, त्यावर ॲस्बेस्टॉसऐवजी फायबरग्लासची बाही, कार्ब्युरेटरखाली जाड फायबरचा वायसर. टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवणारेही पुष्कळ. त्याचा दाब दोन-अडीच पीएसआयच्या वर नको, नाहीतर फ्लोटची सुई उचलली जाऊन कार्ब्युरेटर उतू जातो. आणि तो जुन्या एसी पंपातून ढकलत असेल तर त्या पंपाचा डायफ्राम धड हवा. फाटका असेल तर पेट्रोल सरळ सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलमध्ये, उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका.

झाडू गाडीच्या पेटीत: पॉइंट्स, कंडेन्सर, रोटर आणि डिस्ट्रिब्युटर कॅप प्रत्येक मॉडेलचे, १२ आणि ६ व्होल्टची एकेक कॉइल, प्लग, फॅन बेल्ट तीन मापांचे, रेडिएटर होज आणि डझनभर क्लिपा, पंपाचं डायफ्राम किट, ट्यूब, पॅच, हवेचा पंप, काचेचे फ्यूज, दोन लिटर सीलबंद ब्रेक ऑइल, पाच लिटर २०डब्ल्यू-५०, वीस लिटर पाणी, इन्सुलेशन टेप, बांधायची तार, एम-सील, लाकडी ओंडके आणि जॅकखाली घालायची फळी. फळी विसरली तर मऊ साईडपट्टीवर जॅक रुततो.

मुक्काम

हॉटेल ठरवताना खोल्यांआधी पार्किंग बघा. सपाट, कडक जमीन, रात्री राखणदार. महाबळेश्वरची बरीच आवारं उताराची आहेत. तिथे ओंडके चाकाखाली, गाडी गिअरमध्ये, चाक भिंतीकडे वळवून. हॅन्डब्रेक रात्रभर ताणून ठेवू नका, पहाटेच्या दवाने लायनर ड्रमला चिकटतात. प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा अंथरा. जुनी इंग्लिश गाडी ऑइल टाकतेच, आणि पेव्हरवरचे डाग पाहून हॉटेलवाला पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

गाड्या लावल्या की बघे येणार. बॉनेट बंद, किल्ल्या काढलेल्या, दोन सभासद पाळीने उभे. मुलांना आत बसवायचं तर चालकाच्या सीटवर नाही. पुढच्या सीटवरून गिअर सहज निघतो.

परत येताना

उतरणं चढण्यापेक्षा धोक्याचं. ज्या गिअरमध्ये गाडी चढली त्याच गिअरमध्ये उतरवा, आणि तो गिअर उताराच्या आधी टाका. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवणाऱ्याला ताफ्यात पुन्हा घेऊ नका. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास किंवा पेडल लांब गेल्यासारखं वाटलं की थांबा, वीस मिनिटं. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, ड्रम तडकतो.

परतीच्या वाटेवर दोन जागा वेगळ्या सांगून ठेवा. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं एस वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. बोगद्याच्या आतच वेग उतरलेला हवा. दुसरी, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार. तिथे ब्रेक गेलेले ट्रक मागून येतात, आणि तुमचे ब्रेक उत्तम असले तरी त्यांचे नसतात. शिंदेवाडीजवळ हायवे सोडून जुन्या कात्रज घाटाने उतरा. वळणं जास्त, वेग कमी, दुसऱ्या गिअरमध्ये सगळं हातात राहतं.

घरी पोचल्याचा निरोप प्रत्येकाने गटप्रमुखाला द्यायचा, आणि झाडू गाडी शेवटचा निरोप आल्यावरच मोकळी करायची. दुसऱ्या दिवशी, गाडी थंड असताना, पाणी-ऑइल-ब्रेक ऑइल किती कमी झालं ते आणि वाटेत झालेला प्रत्येक बिघाड क्लबच्या वहीत गाडीच्या नंबरासमोर लिहून घ्या. पुढच्या टूरला सुटे पार्ट किती आणि कुठले न्यायचे ते या वहीवरून ठरतं.